शून्य लिहिलेला रकाना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या कारखान्याचे हिशेब मी गेली बावीस वर्षे लिहिते आहे, तिथे कोणताही सरकारी कागद आला की तो आधी माझ्या टेबलावर येतो आणि सहीची वेळ येईपर्यंत मालक त्याच्याकडे बघायचे टाळतात. आमचे मशीन शॉप इथे आणि छोटी फौंड्री शिरोलीला. दोन्हीकडचे मिळून चाळीसएक लोक. पंपाची कास्टिंगे तिकडे ओतायची, इकडे आणून टर्निंग-बोअरिंग करायचे आणि मोठ्या कंपन्यांना पुरवायची, हा आमचा धंदा. जीएसटी, भविष्य निर्वाह निधी, वीजबिल, प्रदूषणाचे संमतिपत्र अशा नेहमीच्या कागदांत काही वर्षांपूर्वी एक अनोळखी प्रश्नावली आली. ती कर मागत नव्हती, दंडही लावत नव्हती. आमच्या उद्योगात नवप्रवर्तन, म्हणजे इनोव्हेशन, किती होते, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. तिच्यामुळेच मला एक प्रश्न पडला: नवप्रवर्तन कसे मोजावे, हे सरकारने लोकांना विचारावे का?

सुरुवातीचे प्रश्न मी मालकांना वाचून दाखवले. संशोधन आणि विकास यांवर गेल्या वर्षी किती खर्च झाला? त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे का? त्यात पदवीधर किती, पीएच.डी. किती? पेटंटसाठी किती अर्ज केले? मालकांनी हातातला चहाचा पेला खाली न ठेवताच सांगितले, "ताई, शून्य लिवा. समद्याला शून्य." पुढचा प्रश्न मात्र जरा वेगळा होता. गेल्या तीन वर्षांत उत्पादनात किंवा उत्पादनाच्या पद्धतीत नवीन अथवा लक्षणीय सुधारलेले असे काही आणले का? मी म्हटले, "ह्याला हो म्हणता येईल की." मालक हसले. "हो म्हटलं की कागद मागत्यात. कागद हाय का आपल्याकडं?" कागद नव्हता. मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली आणि खाली शिक्का मारला.

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर काय होते, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. माझा सख्खा मामा आमच्या फौंड्रीत पॅटर्नमेकर आहे, म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना (पॅटर्न) बनवणारा. खरे तर त्याच्याच ओळखीने मला ही नोकरी लागली. पंपाच्या केसिंगला आतून पोकळी हवी असते आणि ती पोकळी वाळूच्या कोअरने साधते. साच्यात कोअर बसवायची, तिच्याभोवती लोखंडाचा रस ओतायचा आणि कास्टिंग थंड झाल्यावर आतली वाळू फोडून काढायची. आमच्या एका केसिंगची कोअर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसायची, पण सारखी नव्हती. ती उलटी बसली की एकीकडची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ व्हायची, आणि हा दोष फौंड्रीत कुणाच्या लक्षात यायचा नाही. तो दिसायचा इथे, लेथवर जॉब चढवल्यावर, म्हणजे लोखंड, वीज, मजुरी आणि टेम्पोचे भाडे असा सगळा खर्च होऊन गेल्यावर. शंभरातली सात-आठ केसिंगे अशी भंगारात जात. मग पॅटर्नच्या कोअरप्रिंटवर, म्हणजे कोअर टेकते त्या जागेवर, अंगठ्याएवढी एक खाच आली आणि कोअर ज्यात घडवतात तो कोअरबॉक्स तिला जुळवून घेतला गेला. आता ती कोअर साच्यात एकाच रीतीने बसते. उलटी ठेवायला गेले तर बसतच नाही. रिजेक्शनच्या वहीत त्या केसिंगपुढचा आकडा पुढच्या दोन महिन्यांत इतका खाली आला की, नोंद करायची राहून गेली की काय, अशी शंका येऊन मी शिरोलीला फोन केला होता.

जपानी कारखान्यांत अशा युक्तीला पोका-योके म्हणतात. आमच्याकडे तिला नाव नाही. 'डोकं चालवलं' किंवा 'आयडिया लावली' एवढेच लोक म्हणतात, आणि कुणी जुगाड म्हटले तर मामाला राग येतो, कारण जुगाड म्हणजे तात्पुरते भागवणे आणि पॅटर्न हा वर्षानुवर्षे चालायचा असतो. कागदावर मराठीत या गोष्टीला नवप्रवर्तन, नवोपक्रम, नवोन्मेष आणि नावीन्यता असे निदान चार शब्द आहेत. त्यांतला शेवटचा तर व्याकरणालाही जड जाणारा, कारण 'नावीन्य' हेच मुळात भाववाचक नाम आहे आणि त्याला पुन्हा 'ता' जोडणे म्हणजे भाकरीवर भाकरी थापणे. या चारांपैकी एकही शब्द मी उद्यमनगरात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ज्या गोष्टीचे मोजमाप करायचे तिचे नावच मोजल्या जाणाऱ्या माणसाला परके असेल, तर त्याने शून्य लिहिले याचे नवल कशाला वाटावे?

त्या शून्याने मात्र मला स्वस्थ बसू दिले नाही. मी वाणिज्य शाखेची. सांख्यिकी शिकले ती परीक्षेपुरती. तरीही ही मोजदाद येते कुठून, हे शोधत गेले. १९६३ साली रोमजवळच्या फ्रास्काती या गावी प्रगत देशांच्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि संशोधन व विकास यांवरचा खर्च कसा मोजावा, याची नियमपुस्तिका तयार झाली. ती आजही त्या गावाच्याच नावाने ओळखली जाते. पुढे लक्षात आले की खर्च म्हणजे फक्त आत काय घातले त्याचा हिशेब. बाहेर काय आले ते त्यातून कळत नाही. म्हणून १९९२ मध्ये ऑस्लोच्या नावाने दुसरी पुस्तिका आली. तिच्या २०१८ सालच्या चौथ्या आवृत्तीत नवप्रवर्तनाची व्याख्या आहे, आणि ती वाचताना मी चकित झाले. नवे किंवा सुधारलेले उत्पादन वा पद्धत, जी त्या उद्योगाच्या आधीच्या उत्पादनाहून वा पद्धतीहून लक्षणीय वेगळी आहे आणि जी बाजारात आली आहे किंवा प्रत्यक्ष वापरात आली आहे, ते नवप्रवर्तन. जगात पहिल्यांदाच घडलेले असावे, अशी अट नाही. त्या उद्योगाला ते नवे असले तरी पुरे. पेटंट हवे, प्रयोगशाळा हवी, असेही नाही.

म्हणजे व्याख्येप्रमाणे ती खाच मोजली जायला हवी होती. तज्ज्ञ आम्हाला विसरले होते, असे म्हणण्याची सोय आता उरली नाही. त्यांनी दार उघडे ठेवले होते. शून्य मी लिहिले होते, माझ्या हाताने. तरीही सगळा दोष माझ्याकडे घ्यायला मी तयार नाही. व्याख्या आणि माझे टेबल यांच्यामध्ये जो प्रश्न छापून आला होता, तो छापण्याआधी आमच्यासारख्या एखाद्या कारखान्यात बसून कुणी मोठ्याने वाचून पाहिला असता, तर पीएच.डी.ची संख्या विचारणारे प्रश्न आधी आणि रिजेक्शनचा प्रश्न नाहीच, असा क्रम त्याने ठेवला नसता. पहिल्या चार प्रश्नांना शून्य लिहिलेला माणूस पाचव्या प्रश्नाला 'हो' म्हणत नाही. ही सांख्यिकी नव्हे, माणसाचा स्वभाव आहे, आणि तो कोल्हापुरात काही निराळा नाही.

अशा शून्यांची बेरीज पुढे कुठे जाते, तेही पाहण्यासारखे आहे. २०२०-२१ साली भारताचा संशोधन-विकासावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि हा आकडा आपल्याकडे नेहमी खंत म्हणून सांगितला जातो. जागतिक नवप्रवर्तन निर्देशांकात भारत २०१५ साली ८१वा होता आणि २०२५ साली ३८वा आला. हा आकडा अभिमान म्हणून सांगितला जातो. नीती आयोगाने राज्यांचाही असा निर्देशांक काढला, त्याच्या तीन आवृत्त्या आल्या आणि मोठ्या राज्यांत तिन्ही वेळा कर्नाटक पहिले आले. ही बातमी वाचून आमच्या शॉपमध्ये दोन दिवस सीमाप्रश्न निघाला होता. खंत काय किंवा अभिमान काय, दोन्हींच्या तळाशी कुणीतरी भरलेले रकाने असतात, आणि रकाना कशाचा ठेवायचा हे ज्याने ठरवले त्याचे नाव बातमीत येत नाही.

पेटंटचेच घ्या. २०२२-२३ या वर्षात भारतात ३४,१३४ पेटंटे मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी १,०३,०५७. देशाची बुद्धी एका वर्षात तिप्पट झाली, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. साचलेले अर्ज निकाली काढण्याचा वेग वाढला, आणि ही चांगलीच गोष्ट आहे; पण तो कार्यालयाच्या कामाचा आकडा आहे, कल्पकतेचा नव्हे. चीनमध्ये तर पेटंटसाठी सरकारी अनुदाने दिली गेली, तेव्हा अर्जांचा पूर आला आणि दर्जा इतका घसरला की २०२१ साली तिथल्या पेटंट कार्यालयालाच ही अनुदाने २०२५ पर्यंत बंद करण्याचे जाहीर करावे लागले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली मांडलेले सूत्र असे की, एखाद्या आकड्यावर धोरणाचा भार टाकला की तो आकडा भरवशाचा राहत नाही. आमच्याकडे दहावीच्या निकालावर शाळेची पत ठरायला लागली तेव्हा काय झाले, हे आठवले तर गुडहार्ट वेगळा वाचायची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. नवप्रवर्तन कसे मोजावे, हे सरकारने लोकांना विचारावे का?

पहिला प्रतिवाद मला माझ्याच घरात मिळाला. माझी आजी शेवटपर्यंत ज्वारी पायलीने आणि दूध शेराने मोजायची. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम आणि मीटर येऊ लागले. तेव्हा सरकारने आजीचे मत घेतले नव्हते, आणि घेतले असते तर आज लक्ष्मीपुरीच्या बाजारात चार दुकानांत चार पायल्या असत्या. मापाला मत लागत नाही, एकवाक्यता लागते. हा मुद्दा मी बरेच दिवस मनात घोळवला, कारण तो खरा आहे. पण एक किलो ज्वारी ही कुणी मोजो न मोजो, तेवढीच असते. नवप्रवर्तनाचे तसे नाही. कशाला नवे म्हणायचे, कुणासाठी नवे, किती वेगळे असले म्हणजे लक्षणीय, हे सगळे ठरवल्यावरच मोजण्याजोगी वस्तू तयार होते. इथे माप आधी आणि माल नंतर आहे. म्हणून ज्वारीच्या मापाबद्दल आजीला न विचारणे जितके योग्य, तितकेच खाचेच्या मापाबद्दल पॅटर्नमेकरला न विचारणे चुकीचे, असे मला वाटते.

दुसऱ्या देशांनी विचारून पाहिलेले आहे. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने २००७ साली एकविसाव्या शतकातल्या अर्थव्यवस्थेतले नवप्रवर्तन कसे मोजावे यासाठी एक सल्लागार समिती नेमली; तिच्यात मोठ्या कंपन्यांचे प्रमुख आणि विद्यापीठांतले अर्थतज्ज्ञ होते. त्या वर्षी खात्याने सरकारी राजपत्रातून जनतेकडूनही सूचना मागवल्या आणि २००८ च्या जानेवारीत समितीचा अहवाल आला. हे नुसते कागदी काम नव्हते, कारण मोजण्याची रीत बदलली की देशाचे उत्पन्नही बदलते. २०१३ साली अमेरिकेने संशोधन-विकासावरचा खर्च हा चालू खर्च न मानता गुंतवणूक मानायला सुरुवात केली आणि त्यांच्या सकल उत्पादनाचा आकडा, आधीच्या वर्षांसकट, वर गेला. त्या दिवशी तिथे एकही नवा कारखाना उभा राहिला नव्हता. एक खर्च एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला होता. मी रोजच्या रोज हिशेब लिहिते, त्यामुळे या वाक्याचे वजन मला कळते.

राजपत्रातून सूचना मागवल्यावर त्या पाठवतो कोण, हा मात्र खरा नाजूक प्रश्न आहे. आपल्याकडे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' असे छापून येते. ते वाक्य वाचणारे वकील, बिल्डर आणि निवृत्त मास्तर एवढेच लोक मी पाहिले आहेत. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो आणि आलेल्या मतांचा गोषवारा संकेतस्थळावर द्यायचा असतो. हे चांगले आहे, पण निर्देशांक म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे तो या दारातून आत येत नाही. उलट सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार माहिती द्यायला नकार देणाऱ्याला दंड होऊ शकतो. उत्तर देणे बंधनकारक, पण प्रश्न कसा असावा यावर बोलायला जागा नाही. मालकांच्या "कागद मागत्यात"मध्ये ही सगळी कायदेशीर परिस्थिती दोन शब्दांत आली होती. त्यामुळे सरकारने नुसती सूचना काढली आणि तीस दिवस वाट पाहिली, तर मोठ्या सल्लागार कंपन्यांची शंभर पानी उत्तरे येतील, उद्यमनगरातून एकही येणार नाही, आणि मग 'लोकांना विचारले होते' असे म्हणण्याची सोय तेवढी होईल. असे विचारण्यापेक्षा न विचारलेले बरे, असे मला कधी कधी वाटते. न विचारणारा निदान विचारल्याचा दाखला मिरवत नाही.

पण नीट विचारता येते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१० च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत 'तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे काय' एवढा साधा प्रश्न घेऊन देशभर १७५ बैठका घेतल्या आणि सुमारे ३४,००० लोकांचे म्हणणे नोंदवले. त्यांना मोजायचे होते राष्ट्राचे क्षेम. लोकांनी सूत्रे सांगितली नाहीत. आरोग्य, आपली माणसे, काम, परिसर असे सांगितले. सूत्रे सांख्यिकी कार्यालयाने बसवली. मला या कामाची वाटणी पटते. काय मोजावे, हे ज्याचे काम मोजले जाणार त्याला विचारावे. कसे मोजावे, हे जाणकारांवर सोडावे. आणि दोन्हींच्या मध्ये काय गाळले आणि का गाळले, हे जाहीर करावे. आपल्याकडेही मोजदाद बदलली की न दिसणारे दिसू लागते, याचा पुरावा आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचे ९७ मिनिटे, असे आकडे आले. बायका आधीही तेवढेच राबत होत्या, रकाना नव्हता.

कोल्हापूरकराला हे सगळे समजावून सांगायची गरज पडू नये, कारण एका मापावर आख्ख्या शहराचा विश्वास आहे, असे माप आमच्याकडे आहे. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा रात्री दोन वाजता लोक एकमेकांना फक्त आकडा पाठवत होते आणि तो पुरत होता. या आकड्यावर विश्वास का बसला? तो सरकारी आहे म्हणून नव्हे. जिल्हा प्रशासनाचे फूट आणि लोकांच्या स्वतःच्या खुणा, म्हणजे घाटावरची देवळे, जामदार क्लब, आपल्या गल्लीतल्या भिंतीवरची मागच्या पुराची रेघ, यांचा मेळ लोकांनी वर्षानुवर्षे घालून पाहिलेला आहे. इतके फूट झाले की पाणी आमच्या पायरीशी येते, हे प्रत्येक घराने आपल्यापुरते पडताळले आहे. ज्याला मोजले जाते त्याला माप पडताळून पाहता येते, एवढ्याने ते माप त्याचे होते. नवप्रवर्तनाच्या जागतिक निर्देशांकात साधारण ऐंशी घटक असतात. त्यांतला एकही मला माझ्या पायरीवरून पडताळता येत नाही.

आणि ज्या बंधाऱ्यावर ही पातळी मोजतात, त्या जातीचा बंधाराच घ्या. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे सरकारी भाषेत के.टी. वेअर. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे करायचे, त्यांना खाचा ठेवायच्या, पावसाळा सरला की त्या खाचांतून बरगे, म्हणजे फळ्या, सोडून पाणी अडवायचे आणि पावसाळ्याआधी बरगे काढून पुराला आणि गाळाला वाट मोकळी करून द्यायची. पाणी पात्रातच साठते, त्यामुळे कुणाची जमीन बुडत नाही आणि कुणाला उठवावे लागत नाही. राजर्षी शाहूंच्या काळात सुरू झालेले राधानगरीचे धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याचे पाणी भोगावतीत सोडायचे, बंधाऱ्याबंधाऱ्याला अडवायचे आणि पाणीपुरवठा संस्थांच्या पंपांनी उसाला उचलून द्यायचे, अशी एक साखळीच इथे तयार झाली. आमचा पंपांचा धंदाही त्याच पाण्यावर वाढला. ही पद्धत महाराष्ट्रभर गेली आणि जाताना या गावाचे नाव बरोबर घेऊन गेली. आजच्या निर्देशांकांतल्या पेटंट, शोधनिबंध, भांडवल-उभारणी या रकान्यांत ती बसवून पाहा. मी पाहिली, बसत नाही. शंभर वर्षांतले या जिल्ह्याचे सर्वांत मोठे नवप्रवर्तन कोणते, असे मला कुणी विचारले तर मी एक क्षणही न थांबता बरग्यांचे नाव घेईन. मला कुणी विचारलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

पायताणांची गोष्ट याहून तिरकी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच पायताणे मांडली, गदारोळ झाला आणि मग कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. आपला पेटंट कायदा पारंपरिक ज्ञानाला शोध मानत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर हळदीपासून कडुनिंबापर्यंत सगळ्यावर कुणी ना कुणी हक्क सांगितला असता. पण या कायद्याच्या चौकटीची सवय मोजणाऱ्यांनाही लागली आहे. जे परंपरेचे ते जुने, आणि जे जुने त्यात नवे काय मोजायचे? सुभाषनगरात चामडे कमावण्यापासून तळ शिवण्यापर्यंत कारागिरांनी एका पिढीत काय काय बदलले, हे विचारायला कुणी प्रश्नावली घेऊन गेले असते, तर तिथेही मालकांसारखेच उत्तर मिळाले असते: ह्यात काय नवीन, बाप बी हेच करत होता.

म्हणून विचारायचे असेल तर दारात जाऊन विचारावे लागेल. शिरोलीला फौंड्रीवाल्यांच्या बैठका होतात, उद्यमनगरात अभियंत्यांच्या संघटना आहेत, गूळ संशोधन केंद्रात गुऱ्हाळवाले येतात. तिथे कोरा कागद घेऊन बसावे आणि पहिला प्रश्न असा ठेवावा की, गेल्या वर्षी कोणती कटकट संपली आणि ती कशामुळे? मग दुसरा, हे तुम्ही कुणाचे बघून केले आणि तुमचे बघून कुणी केले? या दोन प्रश्नांतून जे येईल ते ऐंशी घटकांत कुठे बसते, याची चिंता दिल्लीतल्या हुशार माणसांनी करावी. त्यासाठी त्यांना पगार आहे. आणि सांगणाऱ्याला त्याच्या उत्तरावरून कर-तपासणी होणार नाही, याची लेखी हमी हवी, नाहीतर सगळीकडे पुन्हा शून्यच लिहिले जाईल. एक धोका तरीही उरतो. विचारायला बसले की जो मोठ्याने बोलतो त्याचेच ऐकले जाते, आणि आमच्याकडे मोठ्याने बोलणाऱ्यांची वाण नाही. प्रत्येक जण आपल्या कारखान्यातली जी गोष्ट दाखवायला सोपी तीच मोजा म्हणेल. यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. फक्त एवढे दिसते की हा धोका बंद खोलीतही असतो, आणि तिथे मोठ्याने बोलणारे कोण हे आपल्याला कळतही नाही.

हे सगळे मी गेल्या महिन्यात एका पत्रात लिहिले. कुणी सूचना मागवल्या नव्हत्या, तरी लिहिले, मराठीत, तीन पाने. पत्रात ती खाच उदाहरण म्हणून घेतली होती आणि तांत्रिक चूक राहू नये म्हणून रविवारी मामाकडे वाचायला घेऊन गेले. त्याने चष्मा लावून पहिले पान शांतपणे वाचले, 'कोअरबॉक्स' ठीक लिहिलाय म्हणाला, आणि मग एका ओळीवर बोट ठेवून थांबला. 'आमच्या पॅटर्नमेकरने सुचवलेल्या खाचेमुळे', अशी ती ओळ होती.

"ही माझी आयडिया न्हवं," मामा म्हणाला. "मी पॅटर्न केला. खाच त्या पोरानं सांगितली."

"कुठल्या पोरानं?"

"कोअर बसवायला होता तो, बिहारचा. सगळ्यात जास्त उलट्या कोअर त्याच्याच हातनं बसायच्या, शिव्या बी त्यानंच खाल्ल्या. एक दिवस म्हणाला, मिस्त्री, एक बाजू को कान काट दो, फिर गलती होगीच नहीं. मी कान कापला."

तो मुलगा दोन वर्षांपूर्वी गावी गेला तो परत आलेला नाही. हजेरीपटावर त्याचे नाव आहे, बिगारी म्हणून. मी बावीस वर्षे त्या कारखान्याचा हिशेब लिहिते आणि ती खाच कुणाची, हे मी कधी विचारले नव्हते. पत्रातली ओळ मी तिथेच खोडली आणि मामाच्या टेबलावर बसून पहिले पान पुन्हा लिहायला घेतले.